बावीस जणांना घेऊन पुरालेखागारात जायचंय: कोल्हापूर की धारवाड?

नंदगड_रोड

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळातले बावीस जण डिसेंबरात एक दिवस जुनी कागदपत्रं बघायला जायचं म्हणतोय. बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, तिघी कॉलेजातल्या मुली. नऊ जण खानापूर तालुक्यातले, नंदगड-बिडीकडचे. सहा शहापूरचे, चार रायबागचे, आणि तिघांचं मूळ गाव चंदगडात.

प्रत्येकाला आपल्या गावाचं काहीतरी हवंय. कुणाला देवळाच्या इनामाचा कागद, कुणाला पाटीलकीचं वतन, कुणाला निदान गावाचं नाव मोडीत लिहिलेलं बघायचंय. मिनीबस ठरतेय. कोल्हापूर पुरालेखागाराला जायचं असं सगळ्यांचं मत पडलंय, तेही शनिवारी, नोकरीवाल्यांची सुट्टी वाचते म्हणून.

एका दिवसात एवढ्या लोकांचं काम होतं का? अर्ज कुणाच्या नावानं करायचा, कोणत्या भाषेत? मोडी दोघांनाच येते, तीही छापील तक्त्यावरून. फोटोचं कसं? आणि धारवाड जवळ पडतं, तिकडं गेलो तर चालेल का?

रुमाल_सोडा

ताई, आधी शनिवार खोडा. महाराष्ट्रात २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे सगळे शनिवार बंद. कर्नाटकात दुसरा आणि चौथा शनिवार बंद. त्यामुळे 'पहिला-तिसरा शनिवार चालू असतो' ही आपली इकडची सवय निपाणी ओलांडली की दगा देते. मंगळवार ते गुरुवार यातला दिवस धरा. कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा असली तरी रुमाल (जुन्या कागदांची कापडात बांधलेली गाठोडी) काढून घेण्याचं काम दुपारच्या जेवणाआधी व्हायला हवं. जेवणानंतर मागणीची चिठ्ठी दिलीत तर रुमाल टेबलावर येऊन, सोडून, बघून परत बांधेपर्यंत दिवस संपतो.

आता मुख्य गोष्ट. सगळी गावं 'बेळगाव भागातली' म्हणून तुम्ही सगळ्यांना एकाच दारात नेताय, आणि तिथंच घोळ होणार आहे. दप्तर गावाच्या मागं जात नाही, अंमलाच्या मागं जातं. ज्या सालात गाव ज्याच्या अंमलाखाली, त्या सालाचा कागद त्याच्या दप्तरात. तुमचे चार गट चार वेगळ्या दिशांना जातात.

रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्यानंतर रायबाग बेळगाव जिल्ह्यात आलं. म्हणून या चौघांसाठी कोल्हापूर अगदी बरोबर. कटकोळचंही तसंच, कुणी तिकडचं असेल तर.

शहापूर आज बेळगावच्या पोटात आहे, पण ते होतं सांगली संस्थानाचं, पटवर्धनांचं. ८ मार्च १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत तिथला सारा, तिथली जकात, तिथली नगरपालिका ब्रिटिश बेळगावच्या दप्तराला ठाऊकच नाही. बेळगावच्या कलेक्टरी यादीत 'शहापूर' शोधत बसलेला माणूस रिकाम्या हातानं परततो आणि म्हणतो कागद जळाले असतील! जळले नाहीत, दार चुकलं. शहापूरकरांनी चौकशीच्या पत्रात 'सांगली संस्थान, शहापूर' असंच लिहावं आणि कोल्हापूर व पुणे दोन्हीकडं सांगली संस्थानाच्या दप्तराची यादी मागावी. यादीत काय आहे हे कळल्याशिवाय बसमध्ये चढू नये.

नंदगड-बिडी. हा कित्तूरच्या देसायांचा मुलूख. १८२४ ला कित्तूर कंपनी सरकारनं घेतलं. पण बेळगाव जिल्हा तेव्हा नव्हताच, तो धारवाडपासून वेगळा काढला १८३६ ला. म्हणजे १८२४ ते १८३६ ची इंग्रजी फाईल 'धारवाड कलेक्टरेट' नावाखाली बघायची, त्यापुढची 'बेळगाव' नावाखाली. देवळाचं इनाम असेल तर आणखी एक दार आहे: इनाम कमिशन. दक्षिण मराठा मुलखात हे काम १८४३ ला सुरू झालं, १८५२ च्या ११ व्या कायद्यानं त्याला दात आले, आणि १८६३ च्या कायद्यांनी सरसकट तडजोड करून विषय मिटवला. त्या वीस वर्षांत इनामदारांकडून जुन्या सनदा मागवल्या, कैफियती (त्यांची निवेदनं) लिहून घेतल्या. ते कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात गेले. गाव कर्नाटकात, देऊळ कर्नाटकात, कागद पुण्यात. ही नवलाची गोष्ट नाही.

चंदगड उलटं. आज कोल्हापूर जिल्ह्यात, पण १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत तो तालुका बेळगाव जिल्ह्यात. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याकडं गेला तो चंदगड वगळून. तेव्हा चंदगडच्या तिघांना १९५६ आधीचं जिल्हा पातळीवरचं काही हवं असेल तर त्यांनी बेळगाव-धारवाडकडं बघायचं आणि रायबागकरांनी कोल्हापूरकडं. बसमध्ये बसून हे समजावून सांगणं अवघड जातं, आधीच सांगा.

हिंडलगा_नाका

रुमाल_सोडा यांनी सांगितलं ते बरोबरच, पण इनाम म्हटलं की लोक सरळ पुण्याला पळतात. आधी घराजवळचं बघा की ओ. खानापूरच्या तहसीलदार कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून आणि भूमापन खात्यातून आकारबंद आणि टिप्पण यांच्या नकला काढा. आकारबंदात सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार मिळतो आणि जमीन इनामी असेल तर तेही कळतं. टिप्पण म्हणजे मोजणीदारानं जागेवर काढलेलं कच्चं मोजमाप. सर्व्हे नंबर हाती असला की पुण्यातली इनामाची फाईल ओळखता येते. नाहीतर 'श्री देव अमुक, मौजे अमुक' एवढ्यावर एका गावात तीन फाईली निघतात, त्यातली आपली कुठली?

धारवाडबद्दल. तिथं कर्नाटक राज्य पत्रागाराचं (म्हणजे तिकडच्या सरकारी पुरालेखागाराचं) विभागीय कार्यालय आहे आणि १९३९ ला सुरू झालेली, आता विद्यापीठात असलेली कन्नड संशोधन संस्था आहे. दोन्ही वेगळ्या. पत्रागारात सरकारी दप्तर, संस्थेत मुख्यतः हस्तलिखितं आणि शिलालेखांचं काम. महसुली कागद मागायला संस्थेत जाऊ नका. बेळगावहून साधारण ७५-८० किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, पण तुमच्या नऊ खानापूरकरांनाच त्याचा उपयोग, आणि चंदगडच्या तिघांना. रायबाग-शहापूरवाले तिथं नुसते बसून राहतील.

अर्जाची भाषा: धारवाडला अर्ज कन्नडमध्ये द्या. मराठी प्रत मागं जोडा, कुणी अडवत नाही. इथं अस्मितेचा प्रश्न करू नका, टेबलावरच्या माणसाला वाचता आलं की अर्ज पुढं सरकतो. कोल्हापूरला अर्थात मराठीत. दोन्हीकडं मंडळाच्या लेटरहेडवर, अध्यक्षांच्या सहीनं, एकच अर्ज, सोबत बावीस नावांची यादी. जे प्रत्यक्ष कागद हाताळणार आहेत त्यांच्या ओळखपत्राची झेरॉक्स वेगळी लावा. दिवस, येण्याची वेळ आणि कोणत्या काळातलं कोणतं दप्तर हवंय ते अर्जातच लिहा. 'आमच्या गावाचा इतिहास बघायचा आहे' एवढंच लिहिलेल्या अर्जाला काढून द्यायला काहीच नसतं. महिनाभर आधी पत्र, आठवडाभर आधी फोन.

आणि गावाची नावं. एका गावाची सगळी रूपं लिहून घ्या: मराठी, कन्नड, जुनं इंग्रजी स्पेलिंग. आपलं पाच्छापूर जुन्या इंग्रजी कागदात 'पादशापूर' म्हणून येतं. खुद्द बेळगाव जुन्या कागदात 'आजमनगर' म्हणून भेटतं, आणि ज्याला हे माहीत नाही तो ते पान उलटून पुढं जातो.

बोरू_टाक

मोडीचं बोलतो. दोघांना तक्ता येतो म्हणजे वाचता येतं असं धरू नका. तक्त्यातली अक्षरं सुटी असतात. कागदावर आधी रेघ ओढलेली असते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि अक्षरं तिला लटकवत बोरू न उचलता ओढलेली. दोन शब्दांत जागा नाही. विरामचिन्ह नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही: वेलांटी बहुधा दीर्घच, उकार बहुधा ऱ्हस्वच. 'र' तर शेजारच्या अक्षराला चिकटला की ओळखू येत नाही.

म्हणून सगळा कागद वाचायचा हट्ट सोडा. पहिल्या दिवशी तीनच गोष्टी शोधायच्या: गावाचं नाव, माणसाचं नाव, साल. गावाचं नाव मोडीत कसं दिसेल ते आधी घरी वीस-पंचवीस वेळा सलग लिहून बघा, हाताला आकार बसला की डोळा आपोआप अडतो. त्याच्या आधी बहुतेक वेळा 'मौ।' (मौजे) किंवा 'क॥' (कसबे) असतं, मागंपुढं 'प॥' (परगणे). 'मौ।' दिसला की पुढं गावाचं नाव येणार हे नक्की. माणसाच्या नावात 'बिन' किंवा 'वलद' दिसलं तर त्यापुढचं नाव बापाचं. 'बिन' हे आडनाव समजून वंशावळी लिहिलेल्या आहेत लोकांनी.

आकड्यांत उभ्या दांड्या जपून. '१२।' म्हणजे सव्वाबारा, '१२॥' साडेबारा, '१२॥।' पावणेतेरा. ती दांडी एक समजून वाचली की बाराचे एकशे एकवीस होतात आणि गावाचा सारा एकदम दहापट!

सालाचा तक्ता मात्र पाठ करून या, त्याला मोडी यावी लागत नाही. मराठी कागदात सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात. एकं: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहा म्हणजे अशर. वीसपासून पुढं अशरीन, सलासीन, आर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. लिहिताना एकं आधी, मग दहं, शतक, हजार. बेरीज करा, ५९९ मिळवा, इसवी सन आलं. वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतं. म्हणून जानेवारी ते मे मधला कागद असेल तर ६०० मिळवायचे. सर्वांत जास्त फसवणूक 'मया' आणि 'मयातैन' यांत: घाईत शेवटचं 'तैन' निसटलं की कागद शंभर वर्षांनी मागं जातो. 'अर्बा मयातैन व अलफ' म्हणजे १२०४, म्हणजे १८०३-०४. 'तैन' गेलं तर तोच कागद १७०३-०४ चा होतो.

नंदगड_रोड

बापरे, शनिवारचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

बोरू_टाक सर, एक शंका. आमच्याकडं देवळाच्या एका कागदाची बाळबोधात (देवनागरीत) केलेली नक्कल आहे. तीत 'सु॥ सलास सबैन मया व अलफ, छ २ जमादिलावल' असं आहे आणि बाजूला कुणीतरी पेन्सिलीनं १७६३ लिहिलंय. तुमच्या हिशोबानं वेगळं येतंय. आणि 'छ' म्हणजे काय?

दुसरं, कमी लोकांनी जावं का? बाकीच्यांना वाईट वाटेल.

बोरू_टाक

३ + ७० + १०० + १००० = ११७३. त्यात ५९९ मिळवले की १७७२-७३. पेन्सिलवाल्यानं फसली (महसुलासाठी वापरायचं वेगळं सन) समजून ५९० मिळवले, म्हणून १७६३ आलं. फसली आणि सुहूर दोन्ही जूनच्या आगंमागं बदलतात, आकडेही जवळपासचे दिसतात, पण दोघांत नऊ वर्षांचा फरक आहे. 'सु॥' म्हणजे सुहूर सन असं स्पष्ट लिहिलंय, तेव्हा वाद नाही. फसली असतं तर 'फसली' शब्द आला असता.

'छ' म्हणजे चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. जमादिलावल हा त्या वर्षातला पाचवा महिना. मोहरम १७७२ च्या एप्रिलच्या सुरुवातीला लागला होता, तिथून चार महिने पुढं मोजले की जमादिलावल जुलै संपताना लागतो. म्हणजे हा कागद १७७२ च्या ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसाचा, १७७३ चा नाही. थोरले माधवराव त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला गेले. पुण्यात शोधायचं तर त्यांच्या अखेरच्या वर्षाचे कागद बघा. १७६३ धरून गेला असता तर भलत्याच वर्षाचे रुमाल सोडत बसला असता.

मूळ कागद कुठं आहे? नक्कल करणाऱ्यानं 'सबैन' आणि 'तिसैन' यांत गल्लत केलेली असू शकते, म्हणून मूळ किंवा त्याचा फोटो मिळाला तर एकदा ताडून घ्या. शक लिहिला असेल तर लगेच पडताळता येतं: शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते गुढीपाडवा ७९. १७७२ चा ऑगस्ट म्हणजे शके १६९४ यायला हवा.

कसर

हाताळणीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. बावीस लोकांच्या भेटीत कागदाचं नुकसान चोरीनं होत नाही, चहाच्या हातांनी होतं.

पेन आत न्यायचंच नाही, जेल पेन तर मुळीच नाही. प्रत्येकाकडं साधी शिसपेन्सिल आणि शार्पनर (शार्पनर टेबलापासून लांब, भुकटी उडते). पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, गजरे बाहेर. हाताला क्रीम, सॅनिटायझर, तंबाखू-चुना काही नको. आत जाण्याआधी साबणानं हात धुऊन कोरडे करा, नुसते पुसू नका. पांढरे हातमोजे घालायची गरज नाही. सिनेमात दिसतात म्हणून लोक घेऊन येतात, पण सुती मोज्यातून कागदाची कड कळत नाही आणि फाटलेल्या काठाला धागा अडकतो. मोजे फक्त जुने फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह बघायच्या असतील तर.

रुमाल म्हणजे गाठ मारलेलं कापड, आत पुडकी. गाठ सोडली की कापड टेबलावर पसरून त्यावरच पुडकी ठेवा. एका वेळी एक रुमाल, एका वेळी एक पुडकं, आणि पुडक्यातल्या कागदांचा क्रम अजिबात हलवायचा नाही. हवा तो कागद बाहेर काढून 'नंतर ठेवतो' म्हणालात की तो पुढच्या माणसासाठी हरवला. पुणे पेशवे दप्तरात सुमारे ३९,००० रुमाल आहेत, चुकीच्या रुमालात गेलेला कागद कुणी शोधायचा?

उलगडताना टेबलावर बारीक चमकणारी वाळू सांडली तर दचकू नका. ओली शाई टिपायला त्या काळी टाकलेली ती वाळू, दोन-अडीचशे वर्षं घडीत बसलेली. फुंकर मारू नका, हातानं झटकू नका. कागद सपाट ठेवा, नंतर कापड झाडायचं काम तिथले कर्मचारी करतील. लांब पट्टीचा कागद असेल (एकाखाली एक कागदाचे तुकडे चिकटवलेला) तर टेबलावर दीड फूटच उघडा ठेवायचा, वरचं टोक गुंडाळत खाली जायचं. सांध्याच्या जागी मागच्या बाजूला शिक्का असतो, तोही बघा. बनावट जोड ओळखायची खूण तीच, शिक्का दोन्ही तुकड्यांवर सलग यायला हवा.

मोडीची काजळीची शाई उजेडानं उडत नाही, पण पाण्याचा थेंब पडला की पसरते. इंग्रजी फाईलींतली तपकिरी शाई वेगळी, तिच्यात लोखंड असतं, ती कागद जाळते. अशा पानांवर अक्षरांच्या जागी भोकं दिसतात. ते पान उलटताना खाली दुसरा कागद सरकवून आधार द्या. डिसेंबर निवडलात ते बरं केलंत, आपल्या भागात पावसाळ्यात पुडकी ओल धरतात आणि पानं एकमेकांना चिकटतात. चिकटलेलं पान नखानं सोडवू नका, तसंच सांगा.

फोटोंसाठी आधी परवानगी आणि शुल्क विचारा, दर पानावर असतो की दर दिवसावर ते वेगवेगळं असतं. फ्लॅश बंद. मोबाईलमधली 'डॉक्युमेंट स्कॅन' सोयही बंद! ती कडा कापते, कागद पांढराफेक करते आणि फिकट शिक्का, समासातला शेरा, पाण्याचा डाग सगळं पुसून टाकते. साधा कॅमेरा वापरा, कागदाच्या चारही कडा आणि बाजूचं थोडं टेबल दिसू द्या. फूलस्कॅप पान ३०० डीपीआयला साधारण सव्वादहा मेगापिक्सेल होतं, म्हणजे १२ मेगापिक्सेलचा मोबाईल एका पानाला पुरतो. लांब पट्टीला तुकड्यांत फोटो, प्रत्येक फोटोत आधीच्याचा तिसरा हिस्सा परत यायला हवा, नाहीतर ओळी जुळत नाहीत. मागची बाजू कोरी दिसली तरी काढायची.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक नवीन रुमालाचा पहिला फोटो चिठ्ठीचा. चिठ्ठीवर दप्तराचं नाव, रुमाल क्रमांक, पुडकं, तारीख. घरी आल्यावर चारशे फोटो असतात आणि कुठला कुठून आला ते कुणालाच सांगता येत नाही. क्रमांकाशिवायचा फोटो म्हणजे छान दिसणारा कागद, त्याचा दाखला म्हणून कोर्टातही उपयोग नाही आणि मंडळाच्या स्मरणिकेतही नाही.

हिंडलगा_नाका

कसर ताईंच्या यादीत एक भर. दोन मोठे बुलडॉग क्लिप घेऊन कुणी कागद दाबू नये, नवखे लोक हमखास करतात. कोपरा दाबायला तिथं वजनाच्या पिशव्या मिळतात, नाही मिळाल्या तर कापडी पिशवीत मूग भरून शिवून न्या. हसू नका, चांगलं काम होतं.

रुमाल_सोडा

कमी लोकांबद्दल. बावीसही जा, पण बावीस जण एका टेबलाभोवती नको. फोन करून विचारा, वाचन कक्षात एका वेळी किती जणांना बसवतील. आठ म्हणाले तर आठाचे तीन गट करा. सकाळी पहिला गट रायबागचे चौघे, मोडी वाचणारे दोघे, आणि दोन लेखनिक. बाकीचे टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात. १८७०च्या दशकातली ती इमारत आणि आत ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू, त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती. ज्यांना मोडी कळत नाही त्यांनाही तिथं रमायला होतं. जेवणानंतर गट बदला. दुपारच्या गटाला नवा रुमाल मागू नका, सकाळी उघडलेलाच दाखवा: कागद कसा दिसतो, गावाचं नाव कुठं आहे, शिक्का कुठं आहे.

बेळगाव ते कोल्हापूर महामार्गानं साधारण ११० किलोमीटर. नंदगडहून निघणाऱ्यांनी बेळगावपर्यंतचा तास वेगळा धरा. कचेरी उघडताना दारात असायचं तर बेळगाव सातच्या आत सोडा, रस्त्याचं काम चालू असेल तर साडेसहा. नाश्ता संकेश्वर-निपाणीत उरका, दुपारचं जेवण एकदमच बाहेर, पुन्हा हात धुऊन आत.

दुसरी गोष्ट, प्रत्येकाकडून आत्ताच एक पान भरून घ्या. गावाचं आजचं नाव आणि जुनी नावं, मौजे की कसबे, तर्फ आणि परगणा, साधारण कोणतं साल, कशाचा कागद हवा, आणि त्या सालात अंमल कुणाचा. अंमल आणि जुने तालुके-पेटे यांची माहिती १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या २१ व्या खंडात आहे, तो पूर्ण बेळगावचाच खंड आहे आणि इंटरनेटवर मोफत मिळतो. शेवटचा रकाना रिकामा राहिला त्या माणसाला या खेपेला कागद सापडणार नाही हे स्पष्ट सांगा, म्हणजे परतताना रुसवा नको. त्याला संग्रहालयाच्या गटात घाला.

नऊ खानापूरकरांनी मात्र कोल्हापूरला कागदाच्या आशेनं येऊ नये, बघायला यावं. त्यांची खरी खेप दुसरी, आणि ती चौघांची: आधी खानापुरात आकारबंद, मग धारवाड, सर्व्हे नंबर हातात आल्यावर पुणे. तेवढ्यासाठी मिनीबस लागत नाही.

नंदगड_रोड

ठरलं. मंगळवार, आठ-सात-सात असे तीन गट. रायबागकर पहिले. शहापूरच्या सहा जणांनी सांगली संस्थानाच्या यादीसाठी आजच दोन पत्रं लिहायला घेतलीत, चंदगडचे तिघे धारवाडच्या खेपेत येतो म्हणाले. पेन्सिलीचं १७६३ आम्ही खोडलेलं नाही, शेजारी १७७२ लिहून तारीख घातलीय. मूळ कागद पुजाऱ्यांच्या घरी आहे असं कळलं. लॅमिनेट करून घेऊ का म्हणत होते ते, थांबवू ना?

कसर

लगेच थांबवा! दुकानातलं लॅमिनेशन गरम करून प्लास्टिक चिकटवतं, पुन्हा निघत नाही, आणि आतला आम्ल कागदालाच खातो. तोवर कागद घडी उलगडून दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांमध्ये ठेवा, वर्तमानपत्रात नको, त्याची शाई आणि आम्ल दोन्ही उतरतं. पत्र्याच्या पेटीत ठेवणार असाल तर भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर दूर, वाळवीचा रस्ता भिंतीवरूनच असतो. डांबराच्या गोळ्या कागदाला लागू देऊ नका, कापडात बांधून कोपऱ्यात टाका. फोटो आधी काढून घ्या, दोन्ही बाजूंचे.